सगळे बिंदू बरोबर, तरी आलेख चूक? (वर्ग बहुपदीचा आलेख)

निळी शाई

पुतणी सध्या वर्गसमीकरणं शिकतेय. य = क्ष² − ३क्ष + १ याचा आलेख बिंदू मांडून काढायचा होता. तिने केलेला तक्ता असा:

क्ष: −१, ०, १, २, ३, ४
य: ५, १, −१, −१, १, ५

मी सगळ्या किमती तपासल्या, एकही चुकलेली नाही. बिंदूही कागदावर नेमक्या जागी आहेत. मग तिने पट्टी घेऊन ते ओळीने जोडले. (१, −१) आणि (२, −१) यांच्यामध्ये आडवी रेघ आली, म्हणजे आलेखाचा तळ सपाट झाला. वहीत त्यावर लाल फुली आहे आणि शेरा काहीच नाही. तिचं म्हणणं, "बिंदू बरोबर आहेत ना? मग जोडणं कसं चुकेल?" मला तळ गोल असतो एवढं आठवतं, पण *का* गोल असतो हे सांगता येईना. "असतो म्हणून असतो" हे उत्तर तिला द्यायचं नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

खोडरबर

क्ष = १.५ घालून बघा. य = २.२५ − ४.५ + १ = −१.२५. तळ −१ वर नाहीच, पाव घर खाली आहे. तिने नेमका तोच बिंदू घेतला नाही.

निळी शाई

@खोडरबर, धन्यवाद. पण तिचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. १.५ घ्यायचं हे आधी कसं कळायचं? आणि तो बिंदू घेतला तरी १ ते १.५ पट्टीने जोडलं तर चालेल का? म्हणजे चूक बिंदू कमी घेतल्याची की पट्टीची?

तिरपी रेघ

पट्टीची. आणि हे अगदी वर्गसमीकरणाच्या भाषेतच सिद्ध करता येतं, वरच्या इयत्तेतलं काही लागत नाही.

समजा तळ खरोखरच सपाट आहे. मग १ आणि २ यांच्यामधल्या प्रत्येक क्षसाठी य = −१ असायला हवा. आता क्ष² − ३क्ष + १ = −१ हे समीकरण सोडवा. क्ष² − ३क्ष + २ = ०, म्हणजे (क्ष − १)(क्ष − २) = ०. उत्तरं दोनच, १ आणि २. मधल्या एकाही ठिकाणी य −१ होत नाही. सपाट तुकड्याला तर अशी असंख्य उत्तरं लागतील, आणि वर्गसमीकरणाला दोनाहून जास्त मुळं नसतात हे तिने नुकतंच शिकलं असेल.

तिरप्या तुकड्यालाही हेच लागू. कुठलीही तिरपी रेषा य = मक्ष + क घ्या आणि आपल्या बहुपदीशी बरोबरी करा. पुन्हा वर्गसमीकरणच येतं, म्हणजे ती रेषा आलेखाला जास्तीत जास्त दोन बिंदूंत भेटते. (उभी रेषा तर एकाच बिंदूत भेटते.) त्यामुळे या आलेखावरचे कुठलेही तीन बिंदू एका सरळ रेषेत येऊच शकत नाहीत. कितीही लहान तुकडा घेतलात तरी तो सरळ नसणार. १ ते १.५ नाही, १ ते १.०१ सुद्धा नाही. थोडक्यात, बिंदू मांडून झाले की पट्टी दप्तरात.

फुली मारून शेरा न देणं मला पटलं नाही, पण तो वेगळा विषय.

निळी शाई

वा! "तीन बिंदू एका रेषेत येऊच शकत नाहीत" हे तिला नक्की पटेल, कारण ते ती स्वतः करून बघू शकते. आता १.५ चं सांगा कुणीतरी. −ब/२अ हे सूत्र मला माहीत आहे, पण ते तिला पाठ करायला लावायचं नाही.

मधला बाक

सूत्र विसरा. बहुपदीतलं स्थिरपद बाजूला ठेवा आणि उरलेल्यातून क्ष बाहेर काढा:

य = क्ष(क्ष − ३) + १

क्ष = ० घातलं की पहिला भाग शून्य, य = १. क्ष = ३ घातलं तरी पहिला भाग शून्य, य = १. म्हणजे ० आणि ३ या ठिकाणी आलेख एकाच उंचीवर आहे. पॅराबोलाच्या (वर्ग बहुपदीच्या आलेखाला हेच नाव) दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असतात, तेव्हा सममितीचा अक्ष त्या दोघांच्या बरोबर मध्ये, १.५ वर. हीच गोष्ट अक्ष² + बक्ष + क साठी केली की ० आणि −ब/अ या दोन जागा मिळतात आणि त्यांचा मध्य −ब/२अ येतो. पाठ करायला काहीच उरत नाही.

खरं तर तिच्या तक्त्यातच हे लिहिलेलं आहे. ५, १, −१, −१, १, ५ ही ओळ उलटी वाचली तरी तीच. मधोमध कुठे घडी पडते ते बघितलं असतं तर १.५ आपोआप सापडला असता. मी तर म्हणेन की तक्ता झाल्यावर तो आधी *वाचायचा*, मग पेन्सिल हातात घ्यायची. मुलं हा टप्पा गाळतात, कारण उदाहरणात "तक्ता करा, बिंदू मांडा, जोडा" एवढंच लिहिलेलं असतं.

रिकामा तास

हे सगळं हाताने कशाला? मोबाइलवर आलेख काढणारी डझनभर फुकट अ‍ॅप्स आहेत. समीकरण टाकलं की गुळगुळीत वक्र हजर. पुतणीला ते दाखवा, तळ गोल आहे हे लगेच दिसेल.

तिरपी रेघ

दिसेल, पण प्रश्न "का" असा होता. आणि गंमत म्हणजे आलेख काढणारे बरेच प्रोग्रॅम पुतणीने केलं तेच करतात: किमती काढतात, बिंदू मांडतात, सरळ रेघांनी जोडतात. फक्त सहा बिंदूंऐवजी शेकडो घेतात, म्हणून कोपरे डोळ्याला दिसत नाहीत. पडद्यावरचा गुळगुळीतपणा हा काही पुरावा नव्हे.

रिकामा तास

मान्य, आतून तसंच चालतं. मग मुद्दा निघालाच आहे तर माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. कुणी तक्ता एक्सेलमध्ये करणार असेल आणि समीकरण −क्ष² ने सुरू होत असेल तर सांभाळा. एक्सेलमध्ये बरोबरच्या चिन्हानंतर लगेच उणे, मग ३, मग घातचिन्ह आणि २ असं लिहिलं तर उत्तर ९ येतं, −९ नाही. ते उणे चिन्ह आधी ३ ला चिकटवतं आणि मग वर्ग करतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तेच लिहिलं तर −९. गणिताच्या वहीतला नियम पायथनसारखा आहे: आधी वर्ग, मग उणे. एक्सेलमध्ये कंस घालून उणे (३ चा वर्ग) असं लिहावं लागतं, नाहीतर उलटा पॅराबोला सुलटा होऊन बसतो आणि माणूस समीकरणाकडे संशयाने बघत राहतो.

खोडरबर

कागदावरही हाच घोळ सर्वांत जास्त. −क्ष² मध्ये क्ष = −२ घातलं की निम्मी मुलं ४ लिहितात. दोन उणे दिसले की अधिक, असा हात बसलेला असतो. −(−२)² = −४. ऋण संख्या घालताना कंस घालायचाच, आळस नको.

पाटी

उशिरा येतोय धाग्यावर. असा घोळ पकडायची एक युक्ती आहे, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. क्षच्या किमती सारख्या अंतराने घेतल्या असतील तर यच्या ओळीखाली शेजारशेजारच्या किमतींमधले फरक लिहा:

य: ५, १, −१, −१, १, ५
फरक: −४, −२, ०, २, ४
फरकांचे फरक: २, २, २, २

तिसरी ओळ एकसारखी आली पाहिजे. वर्ग बहुपदी असेल तर ती *नेहमीच* एकसारखी येते, आणि क्ष एकेकाने वाढत असेल तर ती संख्या क्ष² च्या सहगुणकाच्या (क्ष² ला गुणणाऱ्या संख्येच्या) दुप्पट असते. इथे सहगुणक १, म्हणून २. समजा तक्त्यात एका ठिकाणी −१ च्या जागी चुकून १ लिहिला गेला, तर तिसऱ्या ओळीत लगेच वेडेवाकडे आकडे दिसतात. कागदावर एकही बिंदू मांडायच्या आधी चूक सापडते.

अर्ध्या-अर्ध्याने किमती घेतल्या तर? ० पासून ३ पर्यंत करून बघा: १, −०.२५, −१, −१.२५, −१, −०.२५, १. फरक −१.२५, −०.७५, −०.२५, ०.२५, ०.७५, १.२५. त्यांचे फरक सगळे ०.५. पाऊल निम्मं झालं तर दुसरा फरक चौथाई होतो, कारण पावलाचाही वर्ग होतो.

निळी शाई यांच्या "का गोल" या प्रश्नाचं मला सर्वांत आवडणारं उत्तरही या दुसऱ्या ओळीतच आहे. −४, −२, ०, २, ४. आलेख आधी झपाट्याने उतरतो, मग हळू, मग थांबतो, मग हळू चढतो, मग झपाट्याने. उताराचा वेग प्रत्येक पावलाला सारखाच बदलत जातो. सरळ रेघेत फरक बदलतच नाहीत, आणि कोपऱ्यात ते एकदम उडी मारतात. इथे दोन्ही होत नाही, म्हणून वळण. ती मधली शून्य म्हणजे सपाट जमीन नव्हे. १ पासून २ पर्यंत जाताना जितकं उतरलो तितकंच चढलो, एवढाच तिचा अर्थ.

अवांतर: नुसत्या क्ष² साठी हे फरक १, ३, ५, ७ असे विषम संख्या येतात. पडणारी वस्तू सारख्या कालखंडांत एकास तीन, पाच, सात अशी अंतरं तोडते हे गॅलिलिओने दाखवलं, ते हेच गणित. फेकलेल्या वस्तूचा मार्ग पॅराबोला असतो हेही त्याने १६३८ मध्ये छापून मांडलं (हवेचा अडथळा सोडून). आणि चार्ल्स बॅबेजने एकोणिसाव्या शतकात आकडेमोडीचं यंत्र रचलं तेही फरकांच्या याच युक्तीवर. गुणाकार टाळायचा आणि नुसत्या बेरजांनी तक्ता पुढे सरकवायचा. तुम्हीही करू शकता: दुसऱ्या ओळीत ४ नंतर ६ येणार, म्हणून क्ष = ५ ला य = ५ + ६ = ११. ताळा: २५ − १५ + १ = ११.

अर्धविराम

चर्चा छान चालली आहे, पण एक काडी टाकतो. बिंदूंवरून आकार "कळतो" असं वर जे सूचित होतंय ते मला धोक्याचं वाटतं. पुतणीच्या सहा बिंदूंमधून जाणारे वक्र असंख्य आहेत. उदाहरण देतो. तिच्या बहुपदीत हा गुणाकार मिळवा:

(क्ष + १) × क्ष × (क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ३)(क्ष − ४)

−१ पासून ४ पर्यंत प्रत्येक पूर्णांकाला हा गुणाकार शून्य आहे. म्हणजे तक्ता जशाच्या तसा, पाटी यांच्या फरकांसकट. पण क्ष = १.५ ला हा गुणाकार साधारण −३.५२ येतो, आणि आलेख −१.२५ ऐवजी जवळजवळ −४.७७ पर्यंत खाली जातो. तक्ता तोच, फरक तेच, चित्र पार वेगळं.

पाटी

@अर्धविराम, बरोबर. दुसरा फरक सारखा येणं हा आकडेमोडीचा ताळा आहे, आकाराचा पुरावा नाही. आकाराचा पुरावा समीकरणातून येतो. समोर वर्ग बहुपदी आहे हे आधीच माहीत असेल तर तीन बिंदूंत ती पूर्ण ठरते, बाकीचे बिंदू तपासणीला आणि हाताला आधार म्हणून. वर तिरपी रेघ यांनी केलं तेही हेच होतं: बिंदू बघून नाही, समीकरण सोडवून.

अर्धविराम

मग आपलं भांडण नाही. :)

निळी शाई

भांडण नसलं तरी ते उदाहरण जपून ठेवतोय, पुतणीला असल्या खोड्या आवडतात. एक व्यावहारिक शंका. पट्टी नाही म्हटल्यावर ती मुक्तहस्त काढते, आणि तळाशी एकतर टोक येतं किंवा बशीसारखा पसरट येतो. हात कसा वळवायचा यालाही काही गणित आहे का?

मधला बाक

आहे, आणि फारच सुंदर आहे.

पॅराबोलावरच्या एखाद्या बिंदूपाशी वक्र कुठल्या दिशेने चाललाय हे हवं असेल तर त्याच्या डावीकडे-उजवीकडे सारख्या अंतरावरचे दोन बिंदू घ्या. त्यांना जोडणाऱ्या रेघेचा, म्हणजे जीवेचा, चढ हाच मधल्या बिंदूपाशी स्पर्शिकेचा (तिथे वक्राला नुसती टेकणाऱ्या रेषेचा) चढ. अंदाजे नाही, पॅराबोलात तंतोतंत. (१, −१) साठी शेजारी (०, १) आणि (२, −१). चढ = (−१ − १) ÷ २ = −१. म्हणजे १ पाशी पेन्सिल एक घर पुढे, एक घर खाली या दिशेने सरकत असली पाहिजे. (२, −१) साठी तसंच केलं की चढ +१ येतो.

आता या दोन स्पर्शिका फिकट पेन्सिलीने काढा. त्या (१.५, −१.५) ला छेदतात. वर जीवा −१ वर आहे, खाली छेदनबिंदू −१.५ वर. वक्र कुठून जातो? बरोबर मधून, −१.२५. हा योगायोग नाही. कुठल्याही दोन बिंदूंच्या स्पर्शिका घ्या, जीवेचा मध्य आणि स्पर्शिकांचा छेद यांच्या मधोमध पॅराबोला असतोच. पुतणीची आडवी रेघ आणि टोकदार तळ या दोन्ही चुका वक्राला दोन बाजूंनी सारख्याच अंतरावर आहेत, असं तिला सांगा.

हाताचं म्हणाल तर कागद फिरवून घ्या, वक्राची आतली बाजू मनगटाकडे येईल असा. आणि तळापासून सुरू करून दोन्हीकडे वर जा. वरून खाली येताना हात तळाशी अडखळतो आणि टोक उमटतं.

रिकामा तास

हे स्पर्शिकांचं माहीत नव्हतं. मस्त.

खोडरबर

बशीसारखा पसरट येण्याचं कारण बऱ्याचदा प्रमाण असतं. य-अक्षावर एका घराला ५ एकक आणि क्ष-अक्षावर एका घराला १ घेतलं की पॅराबोला चेपणारच. २क्ष² आणि क्ष² दोन्ही काढायला सांगितलं असेल तर दोन्हींना एकच प्रमाण ठेवा, नाहीतर "२क्ष² अरुंद असतो" हे दिसणारच नाही.

अर्धविराम

@खोडरबर, पुन्हा काडी: २क्ष² अरुंद नसतोच. तो क्ष² च आहे, लांबून बघितलेला. य = २क्ष² वरचा कुठलाही बिंदू घ्या आणि त्याचे दोन्ही निर्देशक दुप्पट करा. (१, २) चा (२, ४) होतो. (०.५, ०.५) चा (१, १). दोन्ही य = क्ष² वर आहेत. सगळे पॅराबोला समरूप असतात, जशी सगळी वर्तुळं.

खोडरबर

गणित पटलं. पण एकाच आलेख कागदावर एकाच प्रमाणात काढल्यावर २क्ष² आत असतो आणि क्ष² बाहेर, हे पोरांना दिसतं आणि परीक्षेत तेच विचारतात. मी अरुंदच म्हणणार.

तिरपी रेघ

दोघंही बरोबर आहात, पुढे चला. :)

निळी शाई

काल बसलो होतो. सपाट तळाचं कोडं सुटलं, स्पर्शिकांची युक्ती तिने तीनदा करून बघितली. पण पुढच्या उदाहरणात अडलो. य = −२क्ष² + ५क्ष − १. तक्ता:

क्ष: −१, ०, १, २, ३
य: −८, −१, २, १, −४

फरक ७, ३, −१, −५ आणि दुसरे फरक सगळे −४, म्हणजे आकडेमोड ठीक. पण ही ओळ उलटी वाचली तर तीच येत नाही. एकही जोडी जुळत नाही. घडी कुठे घालायची?

मधला बाक

क्ष बाहेर काढा: य = क्ष(−२क्ष + ५) − १. तर ० आणि २.५ या जागी उंची सारखी, −१. अक्ष १.२५ वर. तो पूर्णांकावरही नाही आणि दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्येही नाही, म्हणून पूर्णांकांच्या जोड्या जुळत नाहीत. ही अडचण नाही, फायदा आहे. पहिल्या उदाहरणात प्रतिबिंब काढलं की आधीचेच बिंदू परत मिळत होते. इथे प्रत्येक बिंदूचं प्रतिबिंब नवा बिंदू देतं, तेही काही न मोजता. १ चं प्रतिबिंब १.५, तिथे २. २ चं प्रतिबिंब ०.५, तिथे १. ३ चं −०.५, तिथे −४. −१ चं ३.५, तिथे −८. पाच किमती काढल्या, दहा बिंदू हातात आले. शिरोबिंदू (१.२५, २.१२५), आणि क्ष² चा सहगुणक ऋण असल्याने तो या वेळी माथ्यावर.

पाटी

आणि आलेखावरून मुळं (जिथे य शून्य होतो त्या क्षच्या किमती) वाचायला सांगितली असतील तर पट्टीचा तोटा तिथेही दाखवा. पहिल्या उदाहरणात (०, १) आणि (१, −१) पट्टीने जोडले तर रेघ क्ष-अक्षाला ०.५ वर छेदते. खरं मूळ ०.३८ च्या आसपास आहे. तळाची चूक तर फक्त पाव घराची होती, आणि ती नुसती दिसायला वाईट. ही चूक उत्तरातच येते.

निळी शाई

दहा बिंदू मांडून काढला आत्ता, पट्टीशिवाय. तिने मुळं वाचली ०.२ आणि २.३. सूत्राने मी काढली ती ०.२२ आणि २.२८. तिला अजून जवळ जायचंय, म्हणून आता ० आणि ०.५ च्या मधल्या किमती काढत बसली आहे.